वाण किती, गुण किती?

बेळगावच्या शहापुरातल्या एका ओळखीच्या घरात दोन भाऊ आहेत. थोरला मराठी शाळेत शिकला, धाकटा कन्नड माध्यमात. धाकट्याचं हिशोब करताना ‘ओंदू, एरडू’ सुटत नाही. रागावले की मात्र दोघेही आजोबांसारखे गप्प होऊन कानाची पाळी चोळत बसतात. आजी म्हणते, ‘खाण तशी माती.’ धाकट्याच्या तोंडून कन्नड शिवी आली की तिचीच म्हण बदलते: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’

दीडशे वर्षं शास्त्रज्ञही याच दोन म्हणींमध्ये हेलपाटे घालताहेत.

सुरुवात फ्रान्सिस गॉल्टनपासून धरतात. डार्विनच्या सावत्र आतेचा हा मुलगा. १८६९ मध्ये नामवंत इंग्रज घराणी तपासून बुद्धी रक्तातून येते, असं त्याने मांडलं. (नामवंत बापाच्या पोराला ओळखी आणि पैसाही मिळतो, याला त्याने फारशी किंमत दिली नाही.) १८७५ मध्ये जुळ्यांकडे वळण्याची कल्पना त्याचीच, आणि ती टिकली. ‘चांगल्या’ वाणाचीच माणसं वाढवावीत असं सांगणारं, १८८३ मध्ये त्याने नाव दिलेलं सुप्रजननशास्त्रही दुर्दैवाने टिकलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध ठरवली, १९३३ मध्ये नाझी जर्मनीने तसा कायदा केला.

दुसरं टोक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने गाठलं. धडधाकट डझनभर बाळं द्या, हवं त्याला डॉक्टर करीन, हवं त्याला चोर, असं तो १९२० च्या दशकात म्हणाला. हाती पुरावा आहे त्यापेक्षा जास्त बोलतोय, हेही त्याने तिथंच कबूल केलं होतं. ते सहसा कुणी सांगत नाही.

१९७९ मध्ये मिनेसोटात थॉमस बुशार्ड यांनी लहानपणी ताटातूट झालेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. वेगळ्या घरांत वाढूनही एकरूप जुळी (यांची जनुकं सारखीच असतात) स्वभावाने बरीच सारखी निघाली. २०१५ मध्ये जुळ्यांवरच्या २,७४८ शोधनिबंधांची गोळाबेरीज झाली, आनुवंशिकतेचा सरासरी वाटा आला ४९ टक्के.

इथंच लोक फसतात. ४९ टक्के म्हणजे पोराचा अर्धा स्वभाव रक्तातला, असं नव्हे. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा, एका माणसाचा नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये यासाठी बियाण्याचं उदाहरण दिलं. खानापूरच्या शेतकऱ्याला ते समजावावं लागणार नाही. एकाच पोत्यातलं मिसळीचं भात-बी अर्धं खानापूरच्या खाचरात टाका, अर्धं सौंदत्तीकडच्या कोरड्या रानात. सगळीकडे सारखं पाणी असलेल्या एका रानात रोपारोपांतला फरक बियाण्याचा. दोन रानांतला फरक मात्र पाण्याचा.

२००३ मध्ये एरिक टर्कहाइमर यांना अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकांतल्या फरकात जनुकांचा वाटा जवळपास शून्य दिसला, सुखवस्तू घरांत जवळजवळ उलट. युरोपात ही तफावत तेवढी आढळली नाही.

मला सगळ्यात पटतो तो रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांचा १९८७ चा प्रश्न: एकाच घरातली भावंडं इतकी वेगळी का? कारण घर एक असलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारं घर वेगळं. शहापुरातल्या त्या घरात थोरला शाळेत गेला तेव्हा मराठीचा हट्ट होता. धाकट्यापर्यंत बापाने नोकरीसाठी कन्नड लागतं, हे दोनदा अर्ज परत आल्यावर ओळखलं होतं. आजी दोघांशीही मराठीतच बोलते. धाकटा म्हणतो, ‘येतंय की गं आज्जी मला, तू बोल.’