रोप नेण्याआधी अंगण बघा
(आमच्या गिऱ्हाइकांसाठी, मिरगापासून शिगम्यापर्यंत)

हा कागद रोपाच्या पिशवीबरोबर फुकट मिळतो. घरी नेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला आज नको आहेत, दोन महिन्यांनी लागतील.

गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या अलीकडे आमची छोटी रोपवाटिका आहे. पुढच्या खोलीत कोंबड्यांचं, गुरांचं आणि कुत्र्या-मांजरांचं खाद्य विकतो. त्यामुळे सकाळी पोफळीची रोपं नेणारं गिऱ्हाईक संध्याकाळी "कोंबडी पेंगते" म्हणून परत येतं, आणि एकाच घराचं पोरसू (परसबाग), गोठा नि पडवी आम्हाला तोंडपाठ होते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "तुमचीं रोपां मरतात मरे!" आम्ही भांडत नाही. एकच विचारतो, लावलं कधी? दहातल्या सात जणांचं उत्तर ठरलेलं असतं. मे महिन्यात एक जोराची सर आली, मातीचा वास सुटला, आणि त्याच संध्याकाळी रोप जमिनीत गेलं. मग आठ दिवस कडक ऊन.

मिरग कधी लागला?

पंचांगात मिरग ७-८ जूनला लागतो. मान्सूनही गोव्यात साधारण त्याच सुमाराला पोचतो, पण तुमच्या अंगणात तो कधी पोचला ते अंगणच सांगतं. वळवाच्या सरीनंतर खुरपं घेऊन वीतभर खणा. वरची चार बोटं ओली आणि खाली कोरडी लाल भुकटी असेल तर पिशवी फोडू नका. रोप तसंच माडाच्या सावलीत ठेवा, दिवसाआड पाणी द्या. त्याला आठवडाभर थांबल्याने काही होत नाही.

माती कोपरापर्यंत ओली झाली की बाकीच्या खुणाही दिसायला लागतात. दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा येतो आणि सकाळी पायरीवर नुसते पंख उरतात. लाल मखमलीचे मिरगाचे किडे वाटेवर फिरतात. रात्री तळ्याकडचे मोठे बेडूक ओरडतात. टॉर्च मारून बघा, एरवी मळकट हिरवे असणारे नर त्या चार दिवसांत हळदीसारखे पिवळेधमक झालेले असतात. (बघा म्हटलं, पकडा नाही. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. शिवाय पोरसातले किडे फुकट खाणारा गडी ताटात घेण्यात कसली हुशारी?)

माड लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे हातभर खणलं की चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) थर लागतो. अशा जमिनीत खड्डा चांगला चार फूट लांब, रुंद, खोल घ्यायचा आणि रोप लावायच्या सहा महिने आधी त्यात दोन किलो साधं मीठ टाकायचं. मिठाने चिऱ्याचा थर भुसभुशीत होतो. ही जुनी युक्ती आहेच, पण नारळाचे शास्त्रज्ञही हेच सांगतात. म्हणजे येत्या जूनला माड लावायचा तर मीठ डिसेंबरात. सखल, पाणी तुंबणाऱ्या जागेत मात्र जूनमध्ये लावूच नका. तिथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात लावा.

भिरंड (कोकम) आणि जायफळ: नर की मादी?

बियांपासून उगवलेली रोपं स्वस्त असतात, आणि आम्ही ती विकतो. तरीही घेण्याआधी हे वाचा. भिरंडीत नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. जायफळाचंही तसंच. रोप लहान असताना बघून कोण काय ते कुणालाच ओळखता येत नाही. सहा-सात वर्षं शेणखत घालायचं, फुलं आली की कळायचं की निम्मी झाडं नर आहेत. एका काकींच्या कुळागरात (पोफळी-मसाल्यांच्या बागेत) पाच जायफळं लावली, त्यातलं एकच फळलं. त्या अजून आमच्याकडे येतात, पण दर वेळी जायफळाची आठवण काढल्याशिवाय जात नाहीत.

म्हणून मोजकी झाडं लावायची असतील तर मादी झाडाचं कलमच घ्या. कलम खाली बसवताना जोडाची जागा मातीच्या वर राहू दे, आणि जोडाच्या खालून फुटलेले धुमारे वेळेवर काढा. ते वाढू दिले तर ते वरच्या कलमाला मागे टाकतात.

कोळेरोग, म्हणजे पोफळीवाल्यांचा पावसाळा

इथे थोडा वेळ थांबतो. पोफळीचं वर्षभराचं उत्पन्न एका चुकलेल्या फवारणीने खाली पडतं. कोवळ्या सुपारीवर पाण्यात भिजल्यासारखे डाग येतात, मग पांढरी बुरशी, मग झाडाखाली सडा. सडा पडल्यावर धावत दुकानात येऊन उपयोग नसतो. फवारणी पाऊस लागायच्या आधी एकदा आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून दुसऱ्यांदा.

फवारायचं बोर्डो मिश्रण घरी होतं. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. वीसेक झाडं असतील तर दहा लिटरचा हिशोब धरा: पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या पाच लिटरमध्ये शंभर ग्रॅम चुना. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. लोखंडी बालदी नको, मोरचूद ती खातो. चुन्याचं पाणी गाळून घ्या, नाहीतर पंपाचं तोंड तुंबतं आणि पाडेली (माड-पोफळीवर चढणारा गडी) वरून शिव्या घालतो. मग मोरचुदाचं निळं पाणी चुन्यात हळूहळू ओता आणि काठीने ढवळत राहा. रंग आभाळासारखा येतो.

आता स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी सुरी घासून चकचकीत करा आणि मिनिटभर त्यात बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. थोडा वाढवा, पुन्हा बघा. सुरी स्वच्छ निघाली की मिश्रण तयार. केलं त्याच दिवशी संपवा. उरलेलं उद्यासाठी झाकून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. फवारणीच्या दिवशी कोंबड्या खुराड्यात, कुत्रा साखळीला, आणि गुरांच्या पाण्याची डोणी झाकलेली.

"अळमीचं बी आहे?"

नाही. दर जुलैत कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. रोंयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवणारी अळमी (खायची रानछत्री) वाळवीबरोबरच वाढते. वाळवी आत बुरशीची शेती करते आणि अळमी हे त्या शेतीचं फळ. वाळवीवाचून ती पिशवीत उगवत नाही, त्यामुळे विकायला बी नाही. घराच्या मागे रोंयण असेल तर तिच्यावर रॉकेल ओतू नका. सातेरी देवी म्हणून जिला हात जोडतो, तिच्यावर फावडं चालवायचं म्हणजे कमालच. अळमी काढताना काही उघडलेल्या छत्र्या तिथेच राहू द्या.

पावसातली जनावरं

आमच्या दुकानातला कुत्रा टायगर गेल्या पावसाळ्यात एका रात्री तोंडाला फेस आणून, मान झटकत आत आला. साप चावला असं वाटून सगळ्यांची धावपळ झाली. नंतर पडवीत खरखरीत पाठीचा मोठा बेडूक सापडला, पुस्तकात ज्याला भेक म्हणतात तो. त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींमधून विषारी चीक येतो. कुत्र्याने तोंडात धरला की लाळ आणि फेस. तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडायची, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर येतं, आणि ओल्या फडक्याने हिरड्या पुसायच्या. टायगर अर्ध्या तासात शेपूट हलवत होता. पण झटके आले, तोल जायला लागला, तर वेळ न घालवता गुरांच्या दवाखान्यात.

गोगलगाईंसाठी गोळ्या आम्ही ठेवत नाही, मागू नका. त्या कुत्र्याला चविष्ट लागतात आणि त्याचा जीव घेतात. मोठ्या आफ्रिकी गोगलगाई रोपं फस्त करत असतील तर संध्याकाळी ओलं गोणपाट आणि त्याखाली पपईची पानं ठेवा. पहाटे सगळ्या तिथे जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका.

गोचिडींचं औषध नेताना कुणासाठी ते सांगा. कुत्र्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, आणि तेच मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. दोघं एका गोणपाटावर झोपत असतील तर औषध लावल्यावर काही दिवस त्यांना वेगळं ठेवा. तसंच मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा घात करते. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढच्या डॉक्टर सांगतील तशा. २०२१ साली गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, पण त्यामुळे तुमच्या कुत्र्याची लस माफ झालेली नाही.

चवथ आणि वई

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आठवडाभर लोक माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीसाठी, कांगण्या, घागऱ्या, कवंडाळं शोधत आमच्याकडे येतात. ही रोपवाटिकेतली झाडं नव्हेत. ती तुमच्या वईत (कुंपणात), रानाच्या कडेला आपसूक येतात. हल्ली जुलैतच गवत कापायचं मशीन फिरवून वई गुळगुळीत करतात, आणि मग बाजारात माटोळीच्या सामानाला पैसे मोजतात. एक कोपरा चवथीपर्यंत तसाच ठेवा.

माटोळी उतरवल्यावर ती अख्खी गोठ्यात टाकू नका. नारळ, केळी, तोरिंग घरात घ्या. कवंडाळं विषारी, ती पुरा. वईत याच दिवसांत लाल-पिवळी कळलावी फुलते, दिसते सुंदर, पण तिचा कंद माणसाला आणि जनावराला दोघांनाही घातक आहे. बकऱ्या तिथे बांधू नका.

पाऊस ओसरल्यावर

तांबडी भाजी, मुळा, वांगी, नवलकोल यांची रोपं ऑक्टोबरपासून. हरमलची मिरची याच हंगामातली. खोल्याची मिरची मात्र काणकोणच्या डोंगरउतारावरचं पावसाळी पीक आहे, जूनमध्ये लावतात. २०२० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून लोक डिसेंबरात तिची रोपं मागायला येतात. नसतात.

नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री) कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, दार लावा. आणि मानकुराद आंब्याच्या मोठ्या झाडाला नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी घालू नका. त्याला ताण बसला तर मोहर येतो, पाणी मिळालं तर नुसती पालवी.

दुकानाबद्दल

भाजीच्या रोपांचे ट्रे धुऊन परत आणा, ट्रेमागे दोन रोपं फुकट. मेलेलं रोप पिशवीसकट आणलंत तर मुळं बघून कारण सांगतो. आमची चूक असेल तर बदलून देतो. चवथीचे पाच दिवस दुकान बंद असतं, कोंबड्यांचं खाद्य आधीच भरून ठेवा. पाडेलीचा नंबर मागू नका, आम्हीच शोधतो आहोत.