ऑफिस टाइम: रॉकरीसाठी (दगडांच्या बागेसाठी) नेलेल्या रोपाची माहिती

आमच्या रोपवाटिकेतून ऑफिस टाइम नेलेले ग्राहक पुन्हा येतात ते बहुधा एकच तक्रार घेऊन: "रोज न चुकता पाणी घालतो, तरी पिवळं पडतंय." गोम त्या 'रोज न चुकता'मध्येच आहे. हे पत्रक मुख्यतः तेवढ्यासाठी छापलं. बाकीचं ओघाने आलं.

कुणी याला ऑफिस टाइम म्हणतं, कुणी चिनी गुलाब, कुणी नुसतं पोर्तुलाका. गुलाबाशी याचं नातं नाही, चीनशीही नाही. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा आणि माहेर दक्षिण अमेरिका: अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझीलचा दक्षिण भाग. स्कॉटिश डॉक्टर जॉन गिलीज यांना ते अर्जेंटिनात मेंडोझाच्या बाजूला हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत सापडलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी १८२९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. वाळू, ऊन आणि मधूनच पाणी, एवढ्यावर हे रोप जगत आलंय. तुमच्या दगडांमध्ये त्याला तेच मिळालं की झालं.

जागा आणि माती

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. झाडाखाली, भिंतीच्या सावलीत लावलं तर मरत नाही, पण फांद्या उजेडाकडे ताणत लांबतात, पानं विरळ होतात आणि फुलं रुसतात. अशा जागेसाठी आमच्याकडे दुसरं काही मागा, हे नेऊ नका.

लावण्यापूर्वी दगडांच्या फटीत वीतभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा. अर्ध्या तासाने पाणी तसंच दिसलं, तर नुसती वरची माती बदलून भागणार नाही. वाफा उंच करा किंवा त्याला उतार द्या. मिश्रण साधं ठेवा: एक भाग बागेतली माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग बारीक खडी. शेणखत असलंच तर मूठभर. दगड नुसते वर मांडून ठेवू नका, त्यांचा एक तृतीयांश भाग तरी मातीत गाडा. दगड हलत नाहीत, आणि त्यांच्या पोटाखाली मुळांना गारवा मिळतो.

दोन रोपांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर पुरे. उंची तेवढीच होते, पसारा मात्र फूटभर होतो. लावल्यावर आठवडाभर वाफा उघडाबोडका दिसेल, म्हणून मध्ये आणखी रोपं कोंबायचा मोह होतो. कोंबू नका, दाटीत हवा खेळत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते.

पाणी

लावल्यावर पहिले दोन आठवडे वरची माती सुकली की पाणी द्या. नंतर घड्याळ, वार, कॅलेंडर सगळं विसरा आणि पानाला विचारा. पान जाड सुईसारखं, गोलसर असतं. चिमटीत हलकेच दाबा. टणक लागलं तर त्याच्या पोटात पाणी आहे, झारी परत ठेवा. सुरकुतलेलं पण हिरवं असेल तर तहान लागली आहे. सकाळी मुळाशी भरपूर पाणी द्या आणि पुन्हा माती पूर्ण सुकू द्या.

पान मऊ लागलं, पण ते पिवळसर, पाणचट असेल आणि बोट लावताच गळत असेल, तर तहान नाही, पाणी जास्त झालंय. नेमकं इथेच फसायला होतं: मऊ पान बघून माणूस आणखी पाणी ओततो. त्याऐवजी पाणी बंद करा आणि बुंधा पाहा. तो तपकिरी, मऊ पडला असेल तर रोप वाचवण्यात वेळ घालवू नका, वरच्या धडधाकट फांद्या तोडून घ्या. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच.

सलग पाऊस लागला की वाफ्यातली रोपं हमखास खराब होतात. तेव्हा चार फांद्या एका कुंडीत लावून छपराखाली, उजेडात ठेवा. पाऊस सरला की तीच तुमची बियाण्याची पेटी.

फुलं

एक फूल एकच दिवस टिकतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन अंगावर आलं की उघडतं, दुपार उतरली की मिटतं. ढगाळ दिवशी बरीच फुलं उघडतच नाहीत. काही नवी वाणं कमी उजेडातही उमलतात, पण संध्याकाळी फुलं बघायची असतील तर हे रोप तुमच्यासाठी नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो.

एकेरी (पाकळ्यांची एकच ओळ असलेलं) फूल उघडलं की मधल्या पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श करून पाहा. ते स्पर्श झाला त्या बाजूला झुकतात. घरातली मुलं यात अर्धा तास रमतात.

फुलं कमी झाली की आधी ऊन तपासा, मग खत आठवा. नत्रयुक्त खत जास्त झालं की पाला माजतो आणि कळ्या आटतात. महिन्याकाठी पातळ केलेलं, नत्र कमी असलेलं खत पुरेसं आहे. फांद्या लांबून मध्ये टक्कल पडलं असेल तर न कचरता अर्ध्यावर छाटा. दोन-तीन आठवड्यांत नवी फूट येते.

नवीन रोपं

छाटलेली फांदी म्हणजे रोपच. सात ते दहा सेंटीमीटरचा तुकडा घ्या, खालची पानं काढा, काप सुकेपर्यंत काही तास सावलीत ठेवा आणि ओलसर वाळूत खोचा. रूटिंग पावडर (मुळं फुटण्यासाठी लावतात ती) लागत नाही. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. रंग हुबेहूब तोच हवा असेल तर हाच मार्ग. भरगच्च पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे बी कमी धरतं.

बी गोळा करायची हौस असेल तर सुकलेली बोंडं पाहा. बोंडाची वरची टोपी डबीच्या झाकणासारखी सुटते आणि आत करड्या रंगाचं, खसखशीहून बारीक बी दिसतं. पोर्तुलाका हे नावही लॅटिनमधल्या 'छोटं दार' या शब्दावरून आलंय असं मानतात. बी कोरड्या वाळूत मिसळून पसरा, वर माती टाकू नका. उगवायला त्याला उजेड लागतो.

वाफ्यात घोळही उगवेल. तोही याच कुळातला. घोळीची पानं चपटी असतात. ऑफिस टाइमची गोलसर, आणि पानांच्या बगलेत पांढऱ्या केसांचे झुबके. तेवढं पाहून मगच उपटा.

कीड फारशी येत नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, मावा पाण्याच्या फवाऱ्याने उडवा. कडाक्याच्या थंडीत, दव गोठतं तिथे, हे रोप टिकत नाही. कुत्र्या-मांजरांना पाला चघळू देऊ नका, त्यात ऑक्झलेट नावाचे, त्यांना अपायकारक क्षार असतात.

तरीही रोप बिघडलं तर मुळासकट, मातीसकट घेऊन या. मुळं धुऊन आणू नका; बिघाड कशामुळे झाला ते बहुतेक वेळा आम्हाला मातीवरूनच कळतं.