हलकं आरसी विमान (विद्यार्थी स्पर्धांमधलं)

कॉलेजच्या टीमने स्पर्धेच्या नियमात बसवून स्वतः डिझाइन केलेलं, बांधलेलं आणि रिमोटवर (आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल) उडवायचं मॉडेल विमान. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेची एरो डिझाइन स्पर्धा अमेरिकेत साधारण १९८६ पासून चालू आहे, एआयएए या तिथल्याच विमान-अवकाश क्षेत्रातल्या संस्थेची डिझाइन-बिल्ड-फ्लाय १९९६-९७ पासून, आणि आपल्याकडची पोरं बहुतेक एसएई इंडियाच्या दक्षिण विभागाच्या चेन्नईकडच्या स्पर्धेला जातात.

रेडिओवर पहिलं मॉडेल कोणी उडवलं यावर वाद आहे. ब्रिटनचं 'क्वीन बी' १९३५ चं, पण ते माणूस बसेल एवढं टार्गेट विमान (तोफांच्या सरावासाठी निशाणा म्हणून उडवायचं), त्याला मॉडेल म्हणणं जरा ओढूनताणूनच. मग उरतं १९३७ च्या सुमाराचं काम, मिशिगनच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं 'गफ', आणि त्याच काळात रॉस हल व क्लिंटन डिसोटो यांनी उडवलेले रेडिओ ग्लायडर. मान सहसा गुड बंधूंना देतात, 'गफ' स्मिथसोनियनमध्ये जपून ठेवलंय याचाही त्यात हात असावा.

खरी डोकेफोड एअरफॉइलची, म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाच्या आकाराची. वेग सेकंदाला १० मीटर आणि कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २५ सेंमी धरली तर रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेची चिकटता यांवरून काढलेला आकडा) येतो जेमतेम १.७ लाख, तिथे पंखावरचा लॅमिनार (थराथरांनी गुळगुळीत वाहणारा) प्रवाह मधेच पृष्ठभागापासून सुटतो, बुडबुडा तयार होतो आणि ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो. म्हणून बरेच जण सेलिगचा एस१२२३ हा एअरफॉइल घेतात, २ लाख रेनॉल्ड्स नंबरला त्याचा कमाल लिफ्ट कोएफिशिएंट (उचलण्याच्या ताकदीचा आकडा) २.२ च्या आसपास, कागदावर झकास! पण त्याची मागची कड इतकी पातळ की बाल्सात (अगदी हलकं लाकूड) कापताना तुटते, नाहीतर पंखावर चढवायच्या प्लास्टिक फिल्मला इस्त्री केली की वाकते, वर नाक खाली दाबणारा मोमेंट (फिरवणारा जोर) मोठा म्हणून शेपूट मोठं करा, म्हणजे परत वजन. क्लार्क वाय हा दुसरा एअरफॉइल लिफ्टला कमी, पण खालून जवळजवळ सपाट, टेबलावर ठेवून सरळ बांधता येतो, पहिल्यांदा उतरणाऱ्या टीमला तोच बरा.

सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून कॉर्डच्या २५-३० टक्क्यांवर ठेवतात. शेपूट सीजीपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल तर मागे वाढलेल्या १० ग्रॅमला पुढे ३० ग्रॅम शिसं लागतं, त्यामुळे शेपटीला सगळ्यात हलका बाल्सा निवडून वापरतात आणि गोंदही मोजून लावतात. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), लिपो बॅटरी, ९ ग्रॅमचे सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हे सगळं तयारच मिळतं.