सकारात्मक वर्तन आधार

मुलाच्या त्रासदायक किंवा धोकादायक वागण्यामागचे कारण शोधून त्या कारणावरच काम करण्याच्या पद्धतीला सकारात्मक वर्तन आधार म्हणतात. स्वतःला चावणे, भिंतीवर डोके आपटणे, वस्तू फेकणे, रस्त्यावर पळत सुटणे असे वागणे शिक्षेने दडपायचे नाही. मुलाभोवतीची परिस्थिती बदलायची आणि हवे-नको ते सांगण्याचा दुसरा, सोपा मार्ग त्याला शिकवायचा, असे तिचे दुहेरी काम आहे. स्वमग्नता, अतिचंचलता किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुले आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी ती वापरली जाते. ‘पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला पीबीएस असेही म्हणतात. नावातल्या ‘सकारात्मक’ या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. शाबासकी, स्टार आणि चॉकलेट यांना इथे जागा आहे, पण ती दुय्यम.

घरात मूल असे वागू लागले की सगळे विचारतात, हे थांबवायचे कसे? पीबीएस आधी विचारते, या वागण्यातून मुलाला काय मिळते? उत्तर बहुतेक वेळा चारांपैकी एक असते: कुणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा गोष्टीतून सुटका, किंवा शरीराला हवी असणारी एखादी संवेदना. त्याहीआधी दुखणेखुपणे तपासावे लागते. बोलता न येणाऱ्या मुलाची दाढ किडलेली असते, कान ठणकत असतो, चार दिवस पोट साफ झालेले नसते, आणि घरचे त्याला हट्टी समजत राहतात.

एक नमुना घेऊ. सात वर्षांचा स्वमग्न मुलगा संध्याकाळी अभ्यासाला बसला की वही फाडतो. घरात निदान ठरलेले आहे: अभ्यासाचा कंटाळा, शिवाय लाडावलेला. आईला दोन आठवडे नोंदी ठेवायला सांगतात. कागदावर तीन रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. ‘चिडला’ असे लिहायचे नाही, ‘६.४० ला कान दाबले, मग पान फाडले’ असे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे. नोंदी वाचल्यावर कळते की शुद्धलेखन असो की त्याची आवडती चित्रकला, वही फाटतेच. मात्र आजीच्या खोलीत बसवले त्या दिवशी फाटत नाही. पहिल्या रकान्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: मिक्सर. अभ्यासाचे टेबल स्वयंपाकघराला लागून आहे आणि वाटणाची वेळ तीच. खरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात आहे. वही फाटली की आई धावत येते, आणि धावण्याआधी मिक्सर बंद करते. आवाज थांबवण्याचा एवढा खात्रीचा उपाय त्या मुलाजवळ दुसरा नाही.

मग योजना आखतात. वाटण दुपारी उरकायचे, अभ्यासाची बैठक आजीच्या खोलीत हलवायची, अवेळी मिक्सर लावावाच लागला तर आधी मुलाला सांगायचे आणि कानाला हेडफोन द्यायचा. यातले मुलाने काहीच करायचे नाही, सगळे मोठ्यांनी करायचे आहे. या पद्धतीत सर्वांत जास्त काम इथेच असते आणि घरेही इथेच अडखळतात. दुसरीकडे मुलाला उघड्या तळव्याचे चित्र असलेले ‘थांब’ कार्ड शिकवतात. कार्ड दिसले की त्याच क्षणी मिक्सर बंद, सुरुवातीला दर वेळी. वही फाडण्यापेक्षा कार्ड सोपे आणि जलद ठरले नाही तर मूल जुन्याच वाटेने जाणार. वही फाटलीच तर काय करायचे तेही लिहिलेले असते: आवाज चढवायचा नाही, शब्द कमी ठेवायचे, जागा मोकळी करायची. मूल भडकलेले असताना त्याच्या डोक्यात उपदेश शिरत नाही. शिकवण्याची वेळ सगळे शांत असतानाची.

वागण्याऐवजी शब्द देण्याच्या या कल्पनेला भक्कम आधार मिळाला तो 1985 मध्ये. अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांबरोबर केलेले काम प्रसिद्ध केले. ज्यांना काम अवघड जात होते त्यांना ‘मला समजत नाही’ असे म्हणायला शिकवले, आणि ज्यांना लक्ष हवे होते त्यांना ‘मी चांगले काम करतोय का?’ असे विचारायला. गरजेशी जुळणारे वाक्य मिळाले तेव्हाच त्रासदायक वागणे उतरले. न जुळणाऱ्या वाक्याने फरक पडला नाही. त्याआधी 1982 मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेण्यामागची कारणे पद्धतशीरपणे तपासता येतात हे दाखवले होते. त्या काळी अमेरिकेतल्या काही संस्थांत अशा मुलांना विजेचे झटके देणे, तोंडावर पाणी फवारणे, नाकाशी अमोनिया धरणे हेही ‘उपचार’ म्हणून चालत होते. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या संशोधकांपैकी रॉबर्ट हॉर्नर व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये वेदना न देणाऱ्या वर्तन आधाराची मांडणी केली. 1997 मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यातील दुरुस्तीने तिला शाळांमध्ये कायद्याचे पाठबळ दिले.

ब्रिटनमध्ये ही पद्धत धोरणात रुजण्यामागे एक दुखरी घटना आहे. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात अक्षम प्रौढांचा होणारा छळ 2011 मध्ये बीबीसीने छुप्या चित्रणातून उघड केला. त्यानंतर 2014 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने रुग्णांना जबरदस्तीने जखडणे कमी करण्यासाठी मार्गदर्शिका काढली आणि पीबीएसला त्यात मध्यवर्ती स्थान दिले. मात्र नुसत्या कर्मचारी प्रशिक्षणाने काम भागत नाही. प्रौढांसोबत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना पीबीएस शिकवण्याचा तिथला मोठा तुलनात्मक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सेवेपेक्षा त्याने त्रासदायक वागणे कमी झाल्याचे त्यात आढळले नाही.

कुटुंबाचा विचार ही या पद्धतीची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे. योजना कागदावर कितीही चांगली असो, रात्रभर जागलेली आई आणि ‘तुमचेच वळण चुकले’ असे ऐकवणारे नातेवाईक यांच्या घरात ती टिकत नाही. ड्युरांड यांनी पुढे पालकांच्या मनातल्या ‘माझ्याने हे होणार नाही’ या विचारावर स्वतंत्र काम केले. वर्तनाच्या शिकवणीला त्याची जोड दिलेल्या कुटुंबांत मुलांच्या वागण्यात अधिक सुधारणा दिसली. म्हणून योजना करताना स्वयंपाक कोण करते, मुलाला शाळेत कोण सोडते, आजोबांना काय पटेल, भावंडाच्या वाट्याला काय येते, हेही विचारावे लागते. घराला न पेलणारी योजना चूक असते, घर चूक नसते.

भारतात हे काम या नावाने कमी, पण वेगळ्या वाटेने आधीपासून होते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेतल्या रीता पेशावरिया आणि एस. व्यंकटेशन यांनी 1992 मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या भारतीय मुलांसाठी वर्तन मापनश्रेणी तयार केली. तिचा एक भाग मुलाला काय येते हे पाहतो, दुसरा वर्तन समस्यांची नोंद घेतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. तरी वर्गात ‘शांत बसत नाही’ म्हणून पालकांना बोलावणे येते, तेव्हा शिक्षकाच्या हातात तीन रकान्यांचा कागद क्वचितच असतो.

पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप स्वमग्न प्रौढांकडून आला आहे. पीबीएसची मुळे ज्या वर्तन विश्लेषणात, म्हणजे वागण्याच्या आधी-नंतर काय घडते ते पाहून वागणे बदलण्याच्या विद्येत आहेत, त्याच विद्येने मुलांना नजरेला नजर द्यायला आणि हात न हलवता बसायला भाग पाडले होते, याची ते आठवण देतात. हात फडफडवणे कुणाला इजा करत नाही. अनेकांना त्यानेच शांत वाटते. तेही ‘त्रासदायक वर्तना’त मोजले आणि गोड बोलून बंद करवले, तर शिक्षा गेली तरी दडपण राहिलेच. हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे योजना वाचताना आधी एवढे पाहावे की कमी करायचे ठरवलेले वागणे मुलाला किंवा इतरांना खरोखर धोक्याचे आहे, की फक्त पाहुण्यांसमोर अवघडवणारे. नमुन्यातल्या मुलाने ते ‘थांब’ कार्ड उद्या लग्नाच्या हॉलमध्ये बँडसमोर दाखवले, किंवा मामी गालगुच्चा घ्यायला वाकली तेव्हा दाखवले, तर तिथेही ते मिक्सरइतकेच चालले पाहिजे.