अवटुजन्य धडधड (मराठवाडा)

अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा स्राव वाढला की हृदयाचे ठोके जलद, जोरकस किंवा अनियमित पडू लागतात व रुग्णाला ते जाणवतात. या लक्षणाला अवटुजन्य धडधड म्हणतात. मराठवाड्यात ही तक्रार ‘छातीत धडधडतंय’, ‘जीव घाबरा होतो’ किंवा सरळ ‘बीपी वाढलाय’ अशा शब्दांत येते. त्यामुळे तपासणी पुष्कळदा रक्तदाब मोजण्यापाशीच थांबते.

अवटूतून मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) व थोडे टी-३ ही संप्रेरके (हार्मोन) स्रवतात. टी-३ हृदयस्नायूच्या पेशीत शिरून आकुंचन व शिथिलन या दोन्हींचा वेग वाढवते. परिणामी विसाव्याच्या वेळीही नाडी मिनिटाला ९०–१०० च्या पुढे राहते. चिंतेमुळे होणारी धडधड झोपेत बहुधा शमते. अवटुजन्य धडधडीत झोपेतही नाडी जलदच असते. सोबत हाताला बारीक कंप, उकाडा सहन न होणे आणि भूक असूनही वजन उतरणे ही लक्षणे दिसतात. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत अलिंद कंपन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) उद्भवते. उतारवयात ते अधिक.

या विकाराच्या पहिल्या नोंदीचा मान कोणाला द्यावा, याविषयी एकमत नाही. बाथ येथील केलेब पॅरी यांनी १७८६ पासून असे रुग्ण पाहिले, पण त्यांचे लेखन १८२५ मध्ये, मृत्यूनंतर, छापले गेले. रोममध्ये जुझेप्पे फ्लायानी यांनी १८०२ मध्ये गलगंड (अवटू सुजून गळ्याला येणारा फुगवटा) व धडधड एकत्र नोंदवली. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये स्त्री-रुग्णांचे वर्णन केले, ते प्रामुख्याने दीर्घकाळ टिकणाऱ्या धडधडीचेच होते. मेर्झेबुर्गचे कार्ल फोन बाझेडो यांनी १८४० मध्ये गलगंड, बाहेर आलेले डोळे व धडधड असे त्रिक मांडले. इंग्रजी परंपरेत ग्रेव्ह्ज यांचे व जर्मन परंपरेत बाझेडो यांचे नाव रूढ झाले. प्रख्यात वैद्यक-प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांचा कौल पॅरी यांच्या बाजूने होता आणि निरीक्षणाचा काळ प्रमाण धरल्यास तो अधिक सयुक्तिक ठरतो. दोष हृदयाचा नसून ग्रंथीच्या अतिस्रावाचा आहे, ही कल्पना जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ मोबियस यांनी १८८६ च्या सुमारास पुढे आणली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २०) वातविकारांमध्ये हृद्द्रव (हृदयाची धडधड) येतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय ११) गलगंडाचे वातज, कफज व मेदोज हे प्रकार आहेत. या दोन्ही ठिकाणी एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडलेला नसल्याने तेथे अवटुविकाराचे ज्ञान शोधणे ताणलेले वाटते.

मराठवाड्याच्या संदर्भात बाजरी व फ्लोराइड या दोन कारणांची चर्चा होते. सुदानच्या दारफुर भागात बाजरी हे मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंड आढळला आणि बाजरीतील काही घटक अवटूतील संप्रेरक बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले. मराठवाड्यात रोजची भाकरी ज्वारीची. बाजरी हिवाळ्यात, भोगीला तीळ लावून. नांदेड व बीड जिल्ह्यांत काही ठिकाणी विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा (लिटरला १.५ मिलिग्रॅम) जास्त आहे. मात्र दोन्ही कारणांचा परिणाम मानला, तरी तो स्राव घटवण्याचा आहे. धडधडीला स्राव वाढावा लागतो. अतिस्रावात बहुतेकदा शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीला चेतवत असते. आयोडीनची जुनी कमतरता हे आणखी एक कारण मानावे लागते: तिच्यामुळे ग्रंथीत गाठी होतात, त्या पुढे स्वतंत्रपणे स्रवू लागतात, आणि आयोडीन मिळताच धडधड सुरू होते. जिनिव्हाचे क्वांदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन वापरले, तेव्हाच काही रुग्णांत हे दिसले होते.

खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर २००६ पासून देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन अपेक्षित असते. लोणच्यासाठी व गुरांसाठी आणलेले खडे मीठ मात्र कधीकधी स्वयंपाकातही पडते. चमचाभर मिठावर चाचणी-द्रवाचा थेंब टाकला की आयोडीन असल्यास डाग निळा-जांभळा होतो. नसल्यास मीठ पांढरेच राहते.

निदान टीएसएच (अवटूला चेतवणारे, मेंदूतळाच्या ग्रंथीचे संप्रेरक), टी-३ व टी-४ यांच्या रक्तचाचणीने होते. अतिस्रावात टीएसएच घटलेले असते. ते योग्य असेल तर हिमोग्लोबिन पाहावे, कारण ग्रामीण स्त्रियांत धडधडीमागे रक्तक्षय अवटूपेक्षा अधिक वेळा असतो. अवटू मंदावल्यासाठी घेतलेल्या थायरॉक्सिनच्या गोळीची मात्रा जास्त झाल्यानेही धडधड होते. प्रसूतीनंतरच्या वर्षात अवटूचा तात्पुरता दाहही कारण ठरतो. उपचारांत प्रोप्रॅनोलॉल (ठोके मंदावणारे औषध) धडधड लवकर आटोक्यात आणते, पण दम्याच्या रुग्णांना देत नाहीत. कार्बिमॅझोल (अवटूचा स्राव घटवणारी गोळी) साधारण १२ ते १८ महिने चालते. ते घेताना घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासतात. किरणोत्सारी आयोडीन व शस्त्रक्रिया हे पुढील पर्याय होत.