‘युद्ध’ हा शब्द आणि तुर्कस्तानच्या दोन सामुद्रधुन्या

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी युक्रेनने तुर्कस्तानकडे मागणी केली, की काळ्या समुद्राला भूमध्य समुद्राशी जोडणाऱ्या बॉस्फोरस आणि दार्दानेल्स या दोन्ही सामुद्रधुन्या रशियन युद्धनौकांना बंद कराव्यात. तुर्कस्तानने हल्ल्याचा निषेध लगेच केला, परंतु त्या निषेधात शब्द होता ‘लष्करी कारवाई’. तीन दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, परराष्ट्रमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवर या कारवाईला ‘युद्ध’ म्हटले आणि या सामुद्रधुन्यांतल्या वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या १९३६ च्या माँत्रो कराराचे कलम १९ लागू झाले. या तीन दिवसांत तुर्कस्तानने नेमके काय ठरवले, हे कळण्यासाठी करारातल्या शब्दांकडे जरा बारकाईने पाहावे लागते.

१९२३ च्या लोझान कराराच्या व्यवस्थेत सामुद्रधुन्यांचा परिसर निर्लष्करी होता आणि वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय आयोगाची देखरेख होती. माँत्रो कराराने सामुद्रधुन्यांचा ताबा तुर्कस्तानला परत दिला, पण सोबत अटीही घातल्या. शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना मुक्त प्रवेश आहे. काळ्या समुद्राला किनारा नसलेल्या देशांच्या युद्धनौकांना मात्र एकूण टनांची मर्यादा, पूर्वसूचना आणि २१ दिवसांत बाहेर पडण्याचे बंधन आहे. युद्धकाळासाठी तीन वेगवेगळी कलमे आहेत. तुर्कस्तान तटस्थ असेल तर कलम १९ नुसार युद्धमान, म्हणजे युद्धात उतरलेल्या, राष्ट्रांच्या युद्धनौका अडवाव्या लागतात, मुख्य अपवाद आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांचा. तुर्कस्तान स्वतः युद्धात असेल तर कलम २०, आणि त्याला युद्धाचा धोका अगदी जवळ आल्यासारखा वाटला तर कलम २१ लागू होते. या शेवटच्या दोन कलमांत निर्णय सर्वस्वी तुर्कस्तानच्या मर्जीवर सोपवलेला आहे.

म्हणजे जास्त अधिकार देणारे कलम २१ हाताशी असताना तुर्कस्तानने १९ निवडले. कलम २१ चा आधार घेणे म्हणजे रशियापासून आपल्याला धोका आहे असे जगापुढे म्हणणे झाले असते. कलम १९ मध्ये असे काही म्हणावे लागत नाही. समोर युद्ध चालू आहे आणि आपण त्यात नाही, एवढेच सांगावे लागते. रशिया मात्र ‘विशेष लष्करी कारवाई’ या शब्दावर अडून होता आणि तो शब्द मान्य केला असता तर कलम १९ ला जागाच उरली नसती. नावावर कायद्याचा परिणाम अवलंबून असतो, हे मराठी वाचकाला नवे नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्य शिरले, त्याला मराठवाड्यातली जुनी माणसे अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

वस्तूला नाव कोणी द्यायचे, हा या सामुद्रधुन्यांवरचा जुनाच वाद आहे. १९४४ मध्ये जर्मनीची काही सहायक नौदल जहाजे व्यापारी म्हणून पार झाली, ब्रिटनने आक्षेप घेतला आणि तुर्कस्तानच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावे लागले. जुलै १९७६ मध्ये सोव्हिएत संघाची ‘कीव्ह’ ही विमाने वाहणारी प्रचंड नौका बॉस्फोरसमधून बाहेर पडली. करारात विमानवाहू नौकांना वाट दिलेली नाही, पण सोव्हिएत संघाच्या मते ती विमानवाहू नौका नव्हती, पाणबुडीविरोधी क्रूझर होती, आणि तुर्कस्तानने ते वर्गीकरण मानून घेतले. २००८ च्या जॉर्जिया संघर्षात मदत नेऊ पाहणाऱ्या अमेरिकेच्या दोन मोठ्या रुग्णालय-जहाजांना वाट मिळाली नाही, कारण ती टनांच्या मर्यादेत बसत नव्हती. लहान नौका मात्र गेल्या.

सोव्हिएत संघाने १९४६ मध्ये सामुद्रधुन्यांच्या संयुक्त संरक्षणाची मागणी केली. त्या दडपणाने तुर्कस्तान अमेरिकेकडे सरकला आणि १९५२ मध्ये नाटोत गेला. पुढे सायप्रसच्या प्रश्नावरून अमेरिकेने तुर्कस्तानवर शस्त्रबंदी घातली, आणि मार्च २००३ मध्ये इराकवर जाणाऱ्या अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव तुर्की संसदेत आवश्यक बहुमताअभावी पडला. रशियाशीही सरळ मैत्री कधीच नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानने सीरियाच्या सीमेवर रशियाचे सुखोई विमान पाडले. त्यानंतर दोनच आठवड्यांत ‘सीझर कुनिकोव्ह’ ही रशियन नौका इस्तंबूल शहराच्या मधून जात असताना तिच्या डेकवर एक सैनिक खांद्यावर क्षेपणास्त्र घेऊन उभा असलेला दिसला. बॉस्फोरस अरुंद ठिकाणी जेमतेम ७०० मीटर रुंद आहे आणि किनाऱ्यावर जहाजांची छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी लोकांची वाण नाही, त्यामुळे ते छायाचित्र जगभर गेले. तरीही २०१९ च्या जुलैत रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा तुर्कस्तानात उतरली आणि त्याच महिन्यात अमेरिकेने त्याला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून वगळले.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी २०२२ चा निर्णय युक्रेनच्या बाजूने पडलेले पाऊल म्हणून मांडला. ते अर्धेच खरे आहे. रशियाच्या सहा लँडिंग नौका, म्हणजे किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौका, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच काळ्या समुद्रात पोचल्या होत्या, त्यामुळे दार लागले ते पाहुणे घरात आल्यावर. बाहेर राहिलेल्यांना मात्र ते नक्की लागले. परराष्ट्रमंत्र्यांच्या सांगण्यानुसार रशियाने चार नौकांची परवानगी मागितली होती. त्यांतल्या तीन काळ्या समुद्रातल्या तळांवर नोंदलेल्या नव्हत्या, आणि समजावल्यावर रशियाने मागणी मागे घेतली. १४ एप्रिलला रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची प्रमुख नौका ‘मोस्क्वा’ बुडाली, तेव्हा तिच्याच वर्गातल्या ‘वऱ्याग’ आणि ‘मार्शल उस्तिनोव्ह’ भूमध्य समुद्रात होत्या, पण तिच्या जागी जाऊ शकत नव्हत्या.

माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे तो २८ फेब्रुवारीचा इशारा. काळ्या समुद्राला किनारा असो वा नसो, कोणत्याही देशाने युद्धनौका पाठवू नये, असे तुर्कस्तानने सांगितले. कलम १९ फक्त युद्धमान राष्ट्रांना अडवते. नाटोच्या नौका युद्धात नसल्याने त्यांना अडवण्याचा आधार त्यात नव्हता, तरी त्यांनी इशारा पाळला आणि काळ्या समुद्रात दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या युद्धनौकांची भर पडली नाही. तुर्कस्तानने युक्रेनला ड्रोन विकले, रशियावरच्या निर्बंधांत भाग घेतला नाही, आपल्याकडच्या अक्कुयूचा रशियन अणुप्रकल्प चालू ठेवला आणि जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलमध्ये युक्रेनचे धान्य समुद्रमार्गे बाहेर नेऊ देणारा धान्य-करार घडवला. या सगळ्याला आधार दिला तो त्या इशाऱ्यानेच.

जानेवारी २०२४ मध्ये हाच नियम युक्रेनला लागला. ब्रिटनने दिलेल्या दोन सुरुंगशोधक नौकांना तुर्कस्तानने प्रवेश नाकारला. त्या युद्धमान राष्ट्राच्या होत्या आणि काळ्या समुद्रातल्या तळावर कधी नव्हत्याच, त्यामुळे ‘परतणाऱ्या नौका’ हा अपवाद त्यांना लागू होत नव्हता. त्याच महिन्यात सुरुंग काढण्यासाठी तुर्कस्तानने रुमानिया आणि बल्गेरियाशी करार केला. हे तिन्ही देश नाटोचे सदस्य आहेत आणि तिघांनाही काळ्या समुद्राचा किनारा आहे.