बत्तीस माइक, सोळा मिश्रणे: मोठा डिजिटल मिक्सर घ्यावा का?

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीपुढे गेल्या गणेशोत्सवानंतर एक प्रस्ताव आला. एका साउंडवाल्याकडचा बत्तीस चॅनेलचा, म्हणजे बत्तीस माइकांचे आवाज वेगवेगळे घेऊन एकत्र मिसळणारा, काही वर्षे वापरलेला डिजिटल मिक्सर बऱ्या किमतीत मिळत होता. वर्षातल्या चार-पाच कार्यक्रमांना तो चालेल आणि एरवी एखाद्या सभासदाच्या घरी रेकॉर्डिंगसाठी राहील, असा हिशेब मांडला गेला. बत्तीस हा आकडा बैठकीत सर्वांनाच आवडला. मला मात्र पहिली शंका त्याच आकड्याची आली.

आपल्याकडच्या मैफलीला माइक किती लागतात, ते मोजून पाहावे. गायकाला एक, दोन तंबोऱ्यांना दोन, तबला-डग्ग्याला दोन, पेटीला एक आणि निवेदकाला एक, असे सात होतात. संगीत नाटकाला ऑर्गन आणि रंगमंचाच्या कडेला ठेवलेले माइक धरले तरी संख्या दहा-बाराच्या पुढे सहसा जात नाही. शिवाय जास्त माइक चालू ठेवणे फायद्याचे नसते. प्रत्येक माइक आपल्या वाद्याबरोबर सभागृहातला गलबला आणि स्पीकरमधून परत येणारा आवाजही उचलतो. त्यामुळे चालू माइकांची संख्या दुप्पट झाली, की हा परतलेला आवाज फिरत राहून शिट्टी (फीडबॅक) सुरू होण्यापूर्वी मिळू शकणारा आवाज ढोबळमानाने ३ डेसिबलने घटतो. एकापासून बत्तीसपर्यंत पाच वेळा दुप्पट होते, म्हणजे सर्व माइक उघडे ठेवणारा माणूस १५ डेसिबल गमावून बसतो.

मग एवढ्या मोठ्या यंत्राचे खरे बळ कशात असते? २०१२ साली आलेल्या बेहरिंगर एक्स-३२ सारख्या मिक्सरमध्ये माइकसाठी ३२ प्रवेश असतात आणि आत १६ स्वतंत्र मिश्रणे तयार होतात, ज्यांना साउंडवाले बस म्हणतात. गायकाला समोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तंबोरा आणि पेटी हवी असते, तबलजीला गायकाचा आवाज मोठा हवा असतो, पेटीवाल्याला तबला कमी हवा असतो, तर रेकॉर्डिंगला श्रोत्यांच्या टाळ्याही हव्या असतात. प्रत्येकाच्या मिश्रणात प्रत्येक माइकचे प्रमाण वेगळे. जुन्या ॲनालॉग मिक्सरवर यासाठी प्रत्येक चॅनेलला चार-सहा ऑक्सची, म्हणजे वेगळ्या मिश्रणाकडे आवाज पाठवणारी, बटणे असत आणि ती संपली की विषय संपे; ३२ माइक आणि १६ मिश्रणे यांसाठी ५१२ बटणे लागली असती. डिजिटल मिक्सरमध्ये त्या जागी ५१२ गुणाकार असतात. आवाजाची लहर सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते, म्हणून केवळ या मिश्रणांसाठी सेकंदाला २ कोटी ४५ लाख ७६ हजार गुणाकार आणि जवळजवळ तितक्याच बेरजा होतात. इक्वलायझर, कम्प्रेसर आणि रिव्हर्ब या आवाजावर संस्कार करणाऱ्या सोयींचे गणित त्याखेरीज. तेव्हा आपल्याकडे माइक किती आहेत, यापेक्षा एकाच वेळी वेगवेगळे ऐकू इच्छिणारी माणसे आणि ठिकाणे किती आहेत, हे मोजणे अधिक उपयोगाचे ठरते.

हे गणित आत फारसे बिघडत नाही. आतील आकडे तरत्या दशांशाच्या पद्धतीने, म्हणजे अंक आणि घात वेगळे ठेवून लिहिले जातात, त्यामुळे बेरीज फार मोठी झाली तरी मुख्य फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी) खाली ओढून ती सावरता येते. दारावर मात्र तशी सवलत नाही. माइकचा विद्युतदाब आकड्यात बदलणारे परिवर्तक २४ बिटचे असते; त्याच्या १,६७,७७,२१६ पायऱ्या संपल्या, की लहरीचे शेंडे सपाट कापले जातात आणि पुढे कोणताही फेडर ते परत आणू शकत नाही. तालमीत हलक्या हाताने वाजवणारा तबलजी समेवर कडाडून थाप देतो, त्या क्षणी हे घडते. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते प्रमाण, त्या थापेला धरून, वर १५ ते १८ डेसिबलची मोकळीक ठेवून लावावा.

माइकचा क्षीण विद्युतदाब वाढवणाऱ्या सुरुवातीच्या प्रीॲम्पच्या खरखरीबद्दल जाहिराती बरेच बोलतात. येथे पदार्थविज्ञानच मर्यादा घालते. १५० ओहम रोधाच्या इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे होणारी खळबळ, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे उणे १३१ डीबीयू (विद्युतदाबाचे डेसिबलमधील माप) इतका गोंगाट निर्माण करते. चांगले पण परवडणारे प्रीॲम्प उणे १२५ ते १२८ पर्यंत पोहोचलेले आहेत. उरलेल्या तीन ते सहा डेसिबलसाठी दुप्पट पैसे मोजण्यात, निदान सोसायटीच्या मांडवात, मला अर्थ दिसत नाही. तेथे शेजारच्या जनरेटरचा आवाज त्याहून कितीतरी मोठा असतो.

विलंबाची भीतीही बहुधा अवास्तव असते. अशा मिक्सरमधून आवाज साधारण १ ते अडीच मिलिसेकंदांत बाहेर पडतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकर एक-दोन हात मागे सरकवल्यासारखेच झाले. कानात इअरफोन घालून गाणाऱ्याला मात्र फरक जाणवू शकतो. त्याला स्वतःचा आवाज हाडांतून लगेच आणि इअरफोनमधून किंचित उशिरा मिळतो. एका मिलिसेकंदाच्या अंतराने ५०० हर्ट्झच्या आसपासचा स्वर क्षीण होतो आणि आवाज पोकळ वाटू लागतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बत्तीस चॅनेल असले तरी हाताखाली एका वेळी सोळाच फेडर असतात, बाकीचे दुसऱ्या थरात दडलेले. शिट्टी सुरू झाली आणि दोषी माइक त्या थरात असला, तर नवशिक्याचे ते चार सेकंद फार लांबतात. विजेचेही तसेच. एका कोजागिरीला मी असा मिक्सर सांभाळत असताना वीज पापणी लवेपर्यंत गेली आणि आली. ॲनालॉग मिक्सर असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते; हा मात्र संगणकासारखा पहिल्यापासून सुरू झाला आणि गाणारी मुलगी तेवढा वेळ हातातल्या मुक्या माइककडे पाहत राहिली. तेव्हापासून यूपीएसशिवाय मी त्याला हात लावत नाही.

घरासाठी विचार लवकर आटोपतो. सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि २० किलो वजनाचे, आत पंखा असलेले यंत्र सदनिकेच्या लहान खोलीत ठेवून तंबोऱ्याची जवारी ध्वनिमुद्रित करू गेल्यास पंख्याची घरघर आधी येते. एका वेळी दोनच माइक वापरणाऱ्याला माइक संगणकाला जोडणारा, दोन प्रवेशांचा साधा ऑडिओ इंटरफेस पुरतो. वाद्यवृंदाची तालीम बत्तीस वेगळ्या ट्रॅकवर उतरवायची असेल, तरच मोठ्या मिक्सरची यूएसबी जोडणी कामी येते.

तरीही आम्ही तो मिक्सर पाहायला गेलो. मोटरने आपोआप सरकणारे फेडर नीट चालतात का ते पाहण्यासाठी, सर्व फेडर खाली असलेला एक सीन (साठवून ठेवता येणारी मांडणी) आणि सर्व वर असलेला दुसरा साठवून आम्ही ते आलटून पालटून बोलावले. पंधरा फेडर एका झटक्यात वर गेले आणि अकरावा मध्येच थरथरत थांबला. मग हेडफोन लावून एकेक प्रवेश ऐकला. तेवढ्यात समितीच्या चिटणीसबाईंनी वहीत बाहेर जाणाऱ्या मिश्रणांची यादी केली: श्रोते, गायक, तबला, रेकॉर्डिंग. चारच ओळी भरल्या. सहा मिश्रणे देणारा, टॅबलेटवरून चालणारा सोळा माइकांचा छोटा मिक्सर त्याच दुकानात कोपऱ्यात होता, आणि समितीने त्याची किंमत विचारली.